प्रिन्स वाल्डेमार आणि फिरोजशहाची लढाई

प्रशियाच्या राजघराण्यातील प्रिन्स वाल्डेमार (१८१७–१८४९) याच्या लष्करी चरित्राचा विशेष असा की, खरे रणांगण त्याने पाहिले ते परक्यांच्या युद्धात. नेपोलियनच्या पाडावानंतर प्रशियात दीर्घ शांतता नांदत होती. राजपुत्रांच्या वाट्यास हुद्दे येत, लढाया येत नसत.

१८४४ साली ‘रावेन्सबेर्गचा काउंट’ असे नाव धारण करून तो पूर्वेच्या प्रवासास निघाला. १८४५ च्या डिसेंबरात इंग्रज-शीख युद्ध जुंपले तेव्हा तो गव्हर्नर-जनरल हार्डिंज याच्या समवेत होता. मुदकी (१८ डिसेंबर) व फिरोजशहा (२१ डिसेंबर) या दोन्ही लढायांत तो तोफांच्या माऱ्यात वावरला. फिरोजशहा येथे त्याचा वैद्य वेर्नर होफ्मायस्टर त्याच्या निकट ठार झाला. त्यानंतर पाहुण्याने रणांगण सोडावे, असा आग्रह हार्डिंजने धरला; आणि तो रास्तच होता. मित्रराज्याचा राजपुत्र पंजाबात पडला असता तर बर्लिनला उत्तर कोणी द्यावयाचे? टोपणनाव प्रवासात उपयोगी पडे. तोफगोळ्यापुढे त्याचा काय उपयोग?

होफ्मायस्टरची प्रवासपत्रे १८४७ साली प्रसिद्ध झाली. वाल्डेमार स्वदेशी घोडदळाच्या ब्रिगेडचा अधिपती झाला आणि १८४९ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ३१ व्या वर्षी, म्युन्स्टर येथे मरण पावला.