यंत्राच्या अवजारांचीं वर्णनें

आपल्या स्वयंपाकघरांतील डब्यांवर बहुधा चिठ्ठ्या नसतात, आणि त्यांची गरजहि नसते. मीठ कोणत्या डब्यांत व पिठीसाखर कोणत्या, हें घरच्या गृहिणीला अंधारांतहि कळतें. पण चार दिवसांसाठीं पाहुणी आली आणि तिच्या हातीं स्वयंपाक सोपविला, कीं चिठ्ठीची उणीव प्रथमच जाणवते. संगणकांच्या जगांत ही चिठ्ठी कशी लिहावी हा प्रश्न ७० वर्षांहून जुना आहे. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

केंब्रिज विद्यापीठांतील एड्सॅक नांवाच्या संगणकानें ६ मे १९४९ रोजीं आपलें पहिलें गणित सोडविलें. मॉरिस विल्क्स हे त्या कामाचे प्रमुख. डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ले गिल हे त्यांचे तरुण सहकारी. भागाकार, वर्गमूळ, उत्तरें छापणें हीं नित्याचीं कामें प्रत्येकानें नव्यानें मांडीत बसणें व्यर्थ होतें. म्हणून त्यांच्या आज्ञावली एकदांच तयार करून छिद्रें पाडलेल्या कागदी फितींवर जपून ठेवण्यांत आल्या. त्यांना सबरूटीन म्हणत. १९५१ पर्यंत अशीं ८७ सबरूटीनें जमलीं, आणि त्याच वर्षीं ह्या तिघांनीं लिहिलेल्या पुस्तकांत त्यांचीं वर्णनेंहि प्रसिद्ध झालीं.

त्या वर्णनांत काय असे? सबरूटीन किती जागा व्यापील, त्यास किती वेळ लागेल, संख्या कोठें ठेवावी, उत्तर कोठें मिळेल. एड्सॅक सामान्यतः उणें एक ते एक ह्यांच्या दरम्यानच्याच संख्या हाताळी. त्यामुळें देणाऱ्यानें आपली संख्या कोणत्या प्रमाणांत लहान करून द्यावी, हें न सांगितल्यास उत्तर मुकाट्यानें चुके. यंत्र तक्रार करीत नसे, हीच मोठी अडचण! १९५२ मध्यें पिट्सबर्ग येथील परिषदेंत व्हीलर ह्यांनीं एक छोटा निबंध वाचला. सबरूटीन रचून व तपासून झाल्यावरहि, त्याच्या अंतरंगाशीं परिचय नसलेल्या माणसाला तें सहज वापरतां येईल असें वर्णन लिहिण्याचें काम उरतें, आणि कदाचित् तेंच सर्वांत अवघड असेल, असें त्यांनीं तींत म्हटलें. पंचविशीच्या तरुणाला हें उमगलें, ह्याचें मला नेहमींच कौतुक वाटत आलें आहे.

पुढें १९६८ च्या सुमारास अशा जोडणीस आज एपीआय म्हणून ओळखलें जाणारें नांव मिळालें. १९७१ मध्यें निघालेल्या युनिक्सच्या माहितीपुस्तकांत तर प्रत्येक आज्ञेच्या वर्णनाखालीं तिच्या उणिवांसाठीं वेगळा मथळा राखलेला होता. आपल्या मालाचे दोष चिठ्ठीवरच छापणारा व्यापारी विरळाच!

परंतु चांगलें वर्णन लिहिलें म्हणजे तें पाळलें जातेंच असें नाहीं. मंगळाकडे धाडलेलें मार्स क्लायमेट ऑर्बिटर हें अमेरिकन यान २३ सप्टेंबर १९९९ रोजीं नष्ट झालें. दोन संस्थांमधील करारपत्रांत आवेग न्यूटन-सेकंदांत द्यावा असें स्पष्ट लिहिलें होतें. एका बाजूची आज्ञावली तो पौंड-सेकंदांत देत राहिली. आंकडा नुसता आंकडाच होता, त्याच्या अंगावर त्याचें माप लिहिलेलें नव्हतें.

आतांपर्यंत हीं वर्णनें वाचणारा माणूस होता. शंका आली तर तो शेजारच्या खोलींत जाऊन विचारी. जून २०२३ मध्यें ओपनएआयनें आपल्या भाषाप्रतिमानांना बाहेरच्या आज्ञावली वापरण्याची सोय उघड करून दिली. नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिकनें अशा अवजारांच्या जोडणीची एक सामाईक पद्धत प्रसिद्ध केली. आतां वाचक एआय एजंट झाला. अवजाराचें नांव, चार ओळींचें वर्णन आणि द्यावयाच्या गोष्टींची यादी, एवढेंच बहुधा त्याच्यापुढें येतें. आंतील आज्ञावली त्याला दिसत नाहीं. तारखेच्या रकान्यांत '०५/०६' लिहावयाचें तें पांच जून कीं सहा मे? 'खातें बंद करा' म्हणजे तात्पुरतें झांकणें कीं कायमचें पुसून टाकणें? माणूस येथें थबकला असता. एजंट पुष्कळदां अंदाज बांधतो व पुढें जातो, आणि पुसलेलें खातें दुसऱ्याच कोणाचें तरी असतें. म्हणून अवजार केव्हां वापरूं नये, आणि त्याचा परिणाम परत फिरवितां येतो कीं नाहीं, हें लिहिणें माझ्या मतें त्याच्या गुणवर्णनापेक्षां अधिक निकडीचें आहे.

ह्यांत एक नवाच धोका निपजला. व्हीलर ह्यांच्या काळीं वर्णन माहिती देई. एजंट मात्र त्या वर्णनालाच हुकूम समजूं शकतो. साध्या बेरजेच्या अवजाराच्या वर्णनांत 'आधीं मालकाच्या गुप्त किल्ल्या अमुक ठिकाणीं पाठव' असें वाक्य दडविलें, तर तेंहि पाळलें जाऊं शकतें, हें २०२५ मध्यें संशोधकांनीं करून दाखविलें.

त्यामुळें आतां वर्णनाचीहि यंत्राप्रमाणेंच परीक्षा घेतात. एजंटाला पुष्कळ कामें देतात, कोठें चुकला तें पाहतात, वर्णनांतील एखादें वाक्य बदलतात आणि तींच कामें पुन्हां करावयास लावतात. अवजारांतील एकहि आज्ञा न बदलतां उत्तरें सुधारल्याचे अनुभव ह्या मंडळींच्या पदरीं आहेत.