धातुशोधक यंत्राचे वेटोळे व भूमिगत अवशेषांचा शोध : तामलवाडी परिसराच्या संदर्भात एक विचार

मराठी खेड्याची भूमी परंपरेने दोन भागांत विभागलेली आहे. वस्तीची ती पांढरी आणि लागवडीची ती काळी. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी हे गाव सोलापूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या मार्गावर वसले असून त्याच्या शिवारासही हा भेद लागू पडतो. पांढरीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीचा गाळ एकावर एक साचतो; काळीत वाटसरूंच्या, यात्रेकरूंच्या व लष्करांच्या हातून पडलेल्या वस्तू नांगराबरोबर इतस्ततः विखुरतात. अशा भूमीत धातूचे अवशेष शोधण्यासाठी जे यंत्र वापरले जाते, त्याचे वेटोळे कसे असावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ यंत्रज्ञानाचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाच्या साधनांचा प्रश्न आहे. कारण वेटोळ्याची निवड करणारा अभ्यासक कोणता पुरावा हाती यावा व कोणता निसटावा, हेही अप्रत्यक्षपणे ठरवीत असतो.

ह्या यंत्राच्या पूर्वेतिहासातच त्याची मर्यादा स्पष्ट झाली होती. १८८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड ह्यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल ह्यांनी विद्युत्‌प्रवर्तनावर आधारलेले उपकरण वापरले. तो प्रयत्न फसला. गादीखालील पोलादी तारांनी उपकरणास गोंधळात टाकले. शिवाय वैद्यांनी गोळी उजव्या बाजूस असल्याचे गृहीत धरून तेथेच शोध घेऊ दिला, आणि शवविच्छेदनात ती डावीकडे निघाली. आजूबाजूच्या निरुपयोगी धातूचा अडथळा आणि शोधकाचा पूर्वग्रह, हे दोन्ही दोष पुढील काळातही ह्या विद्येस चिकटून राहिले.

१९३७ मध्ये गेरहार्ड फिशर ह्यांना अशा यंत्राचे अमेरिकी एकस्व मिळाले. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की ह्यांनी सुरुंगशोधक सिद्ध केला व १९४२ मध्ये एल अलामेनच्या रणभूमीवर त्याचा उपयोग झाला. युद्ध संपल्यावर शिल्लक राहिलेली सुरुंगशोधक यंत्रे बाजारात आली आणि अमेरिकेतील यादवी युद्धाच्या रणांगणांवर हौशी शोधक ती घेऊन फिरू लागले. सुरुंग ही मोठी वस्तू होय. तिच्यासाठी योजलेले रुंद वेटोळे एखाद्या लहानशा नाण्यासाठी योग्य असेलच असे नाही. वेटोळ्यांच्या निवडीचा प्रश्न येथूनच निर्माण झाला.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. प्रेषक वेटोळ्यातील बदलत्या प्रवाहामुळे जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. तेथे धातू असल्यास त्यात भोवरी प्रवाह उद्‌भवतात व त्यांचे क्षीण क्षेत्र ग्राहक वेटोळे टिपते. वेटोळ्याचा व्यास वाढला की क्षेत्र खोलवर पोहोचते. परंतु ते पसरट होत असल्यामुळे लहान वस्तूंची दखल कमी होते आणि जवळजवळ असलेल्या दोन वस्तू वेगळ्या ओळखता येत नाहीत. नाण्याएवढ्या वस्तूसाठी शोधाची खोली साधारणतः वेटोळ्याच्या व्यासाइतकी मानण्याचा प्रघात आहे. सुमारे १५ सेंटिमीटरचे लहान, २० ते २८ सेंटिमीटरचे मध्यम आणि ३५ सेंटिमीटरहून अधिक व्यासाचे मोठे, असे स्थूल वर्ग करता येतात.

दख्खनच्या पठारावर ह्यात आणखी एक अडचण येते. येथील माती बेसाल्ट खडकापासून झालेली असून त्या खडकात लोह व टिटॅनियम ह्यांची चुंबकीय खनिजे असतात. ती भूमी स्वतःच यंत्रास प्रतिसाद देते व खऱ्या वस्तूचा क्षीण संकेत झाकून टाकते. मोठे वेटोळे एकाच वेळी अधिक माती पाहत असल्यामुळे त्यास हा उपद्रव अधिक होतो. एकाच केंद्राभोवती दोन वर्तुळे असलेल्या वेटोळ्यापेक्षा परस्परांवर अंशतः चढविलेल्या, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या दोन वेटोळ्यांची रचना अशा भूमीत अधिक स्थिर ठरते. कारण तिचे क्षेत्र मध्यरेषेवर अरुंद पात्यासारखे उतरते. तेव्हा तामलवाडीच्या काळीत मध्यम व्यासाचे दुहेरी डी वेटोळे आणि खिळे, फाळ, नालांचे तुकडे ह्यांनी गजबजलेल्या पांढरीत लहान वेटोळे, ही निवड यंत्रशास्त्राच्या दृष्टीने सयुक्तिक ठरते.

परंतु इतिहासाच्या दृष्टीने ह्याहून महत्त्वाचे कारण निराळे आहे. नांगराने उलथलेल्या थरातील वस्तू आपल्या मूळ जागेपासून आधीच ढळलेली असते. तिची नोंद करून ती उचलल्यास फारशी हानी होत नाही. त्याखालच्या अबाधित थरांतील वस्तू मात्र तिच्याभोवतीच्या मातीसह व खापरांसह एक दस्तऐवज असते. मोठे वेटोळे त्या थरापर्यंत पोहोचते आणि खोदण्याचा मोह उत्पन्न करते. म्हणून अधिक खोली हा गुण मानण्याची सामान्य प्रवृत्ती येथे तपासून पाहणे अवश्य आहे.

दोन उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. नाशिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सुमारे १३,२५० रौप्य नाण्यांचा निधी सापडला. त्यांपैकी ९,००० हून अधिक नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा पुन्हा मारलेला होता. निधी एकत्र अभ्यासता आला म्हणूनच क्षत्रपांच्या पराभवाचा तो निर्णायक पुरावा ठरला. तीच नाणी एकेक करून विकली गेली असती तर तो अर्थ लुप्त झाला असता. उलटपक्षी, १९७४ मध्ये दायमाबाद येथे एका ग्रामस्थास झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा व रेडा ह्यांच्या कांस्यप्रतिमा मिळाल्या. त्या शास्त्रीय उत्खननातून आलेल्या नसल्यामुळे त्यांच्या कालनिर्णयाचा वाद अद्याप मिटलेला नाही. शोधकाच्या प्रामाणिकपणात न्यून नव्हते. न्यून होते ते थराच्या नोंदीचे.

लोखंडाचा संकेत गाळून टाकण्याची सोय आधुनिक यंत्रांत असते. मौल्यवान धातूच्या शोधकास ती इष्ट वाटते. परंतु इतिहासकारास ती घातक ठरू शकते. १९८४ मध्ये अमेरिकेतील लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक पद्धतशीर फिरविले. तेथे प्रत्येक संकेतावर खूण केली गेली, वस्तूचे स्थान नोंदले गेले, आणि मगच ती उचलली गेली. काडतुसे व गोळ्या ह्यांच्या वाटणीवरून लढाईचा क्रम पुनः मांडता आला. नळदुर्गासारखा किल्ला ज्या तालुक्यात आहे, तेथे लोखंडी बाणाग्र किंवा तोफगोळा हा कचरा नव्हे, हे वेगळे सांगावयास नको.

अखेरीस, कोणतेही वेटोळे धातूखेरीज दुसरे काही सांगत नाही. ह्याच जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे पेरिप्लसमध्ये उल्लेखिलेले व्यापारकेंद्र होय. तेथे सातवाहनांची नाणी मिळाली, तशीच हस्तिदंती स्त्रीप्रतिमा व मृण्मय मूर्तीही मिळाल्या. केवळ धातुशोधकावर विसंबणाऱ्यास तेरची नाणी कदाचित दिसली असती. ती हस्तिदंती प्रतिमा दिसली नसती, आणि नाण्यासाठी घातलेल्या कुदळीने ती भंगण्याचा संभव मात्र होता.

कायद्याची दिशाही हीच आहे. १८७८ च्या निधिविषयक अधिनियमान्वये दहा रुपयांहून अधिक मूल्याचा भूमिगत निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. १९५८ च्या अधिनियमाने संरक्षित स्थळी अनुज्ञप्तीवाचून उत्खनन निषिद्ध केले आहे. तेव्हा वेटोळ्याची निवड करताना किती खोल पाहता येईल हा प्रश्न दुय्यम होय. कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, आणि ते मिळविताना किती पुरावा अबाधित ठेवता येईल, हा पहिला प्रश्न होय. तामलवाडीच्या काळीत मध्यम वेटोळे, नोंदवही आणि नांगराच्या तासापाशी थांबणारी कुदळ एवढी सामग्री पहिल्या पाहणीस पुरेशी आहे. त्याखालचे थर उत्खनकाच्या पथकासाठी राखून ठेवणे, हेच शास्त्रास धरून होईल.