बाला देवी : भारतीय महिला फुटबॉलमधील गोलांचा विक्रम आणि त्याची मोजदाद

भारताच्या महिला फुटबॉल संघातर्फे सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोल करण्याचा मान मणिपूरच्या नगांगोम बाला देवी यांच्याकडे जातो. परदेशातील क्लबशी पूर्ण व्यावसायिक करार करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला फुटबॉलपटू आहेत. युरोपातील सर्वोच्च श्रेणीच्या साखळी स्पर्धेत गोल करणारी पहिली भारतीय महिला हा मानही त्यांचाच आहे. दोन दशकांच्या त्यांच्या कारकिर्दीचा आढावा घेताना एका खेळाडूच्या कर्तृत्वासोबत आणखी एक गोष्ट समोर येते. आपल्या देशात महिलांच्या वाट्याला किती सामने आले आणि त्यांची नोंद कशी ठेवली गेली, हे या विक्रमावरून कळते.

प्रारंभीची वाटचाल

बाला देवी यांचा जन्म २ फेब्रुवारी १९९० रोजी झाला. मणिपूरमधील बिष्णुपूर जिल्ह्यातील इरेंगबाम हे त्यांचे गाव. मणिपूरमध्ये फुटबॉल हा घराघरांतला खेळ आहे. मुलांबरोबर खेळतच त्यांनी या खेळाचे पहिले धडे गिरवले. वयाच्या पंधराव्या वर्षी त्या भारतीय संघापर्यंत पोहोचल्या. पुढे मणिपूर पोलीस दलात त्यांना नोकरी मिळाली आणि पोलीस संघाच्या त्या प्रमुख आघाडीपटू झाल्या. महिला फुटबॉलमध्ये व्यावसायिक करार दुर्मीळ असण्याच्या त्या काळात पोलीस, रेल्वे आणि निमलष्करी दले हाच खेळाडूंचा मुख्य आधार होता.

त्यांच्यापूर्वी मणिपूरच्याच ओइनम बेमबेम देवी यांनी भारतीय संघाचे दीर्घकाळ नेतृत्व केले होते. बेमबेम देवी यांना २०१७ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०२० मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला. फुटबॉलसाठी अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला मात्र पश्चिम बंगालच्या शांती मल्लिक होत. त्यांना हा पुरस्कार १९८३ मध्ये मिळाला. पहिल्या आणि दुसऱ्या पुरस्कारात चौतीस वर्षांचे अंतर पडले.

दक्षिण आशियातील वर्चस्व

दक्षिण आशियाई महिला फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धेला २०१० मध्ये बांगलादेशातील कॉक्स बाजार येथे प्रारंभ झाला. या पहिल्या स्पर्धेसह २०१२, २०१४, २०१६ आणि २०१९ अशा सलग पाच स्पर्धा भारताने जिंकल्या. इस्लामाबाद येथे २०१४ मध्ये झालेल्या स्पर्धेत बाला देवी यांनी १६ गोल केले आणि त्या सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडू ठरल्या. अंतिम सामन्यात भारताने नेपाळचा ६-० असा पराभव केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये शिलाँग येथे झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेतही भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळलाच नमवून सुवर्णपदक मिळवले. याच स्पर्धेनंतर बेमबेम देवी यांनी निवृत्ती स्वीकारली.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे सर्वोत्तम महिला खेळाडूचा पुरस्कार बाला देवी यांना दिला. देशांतर्गत स्पर्धांतही त्यांचा धडाका कायम होता. भारतीय महिला लीगचा पहिला हंगाम २०१६-१७ मध्ये झाला. त्यापुढील दोन्ही हंगामांत सर्वाधिक गोल बाला देवी यांच्या नावावर लागले. २०१७-१८ मध्ये त्यांनी १२, तर २०१८-१९ मध्ये तब्बल २६ गोल केले. त्या हंगामात मणिपूर पोलीस संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तेथे तमिळनाडूच्या सेतू एफसी संघाने त्यांना हरवले.

ग्लासगोचा करार

बेंगळुरू एफसी आणि स्कॉटलंडमधील रेंजर्स या क्लबांमध्ये २०१९ मध्ये सहकार्याचा करार झाला होता. त्यातून बाला देवी यांना त्या वर्षाच्या अखेरीस ग्लासगो येथे चाचणीची संधी मिळाली. चाचणीत त्यांचा खेळ प्रशिक्षकांच्या पसंतीस उतरला आणि २९ जानेवारी २०२० रोजी अठरा महिन्यांचा करार जाहीर झाला. रेंजर्सच्या महिला संघात दाखल झालेल्या त्या पहिल्या आशियाई आंतरराष्ट्रीय खेळाडू होत्या. त्यांना १० क्रमांकाची जर्सी देण्यात आली.

यापूर्वी भारतीय महिला परदेशात खेळल्याच नव्हत्या, असे नाही. बेमबेम देवी २०१४ मध्ये मालदीवमधील न्यू रेडियंट क्लबकडून खेळल्या होत्या. गोलरक्षक अदिती चौहान २०१५ मध्ये इंग्लंडमधील वेस्ट हॅमच्या महिला संघात होत्या. मात्र फुटबॉल हीच पूर्णवेळ नोकरी, असा परदेशी करार प्रथम बाला देवी यांच्या वाट्याला आला.

करारानंतर काही आठवड्यांतच कोरोनाच्या साथीमुळे स्कॉटलंडमधील स्पर्धा थांबल्या. परक्या देशात, परक्या हवामानात त्यांना दीर्घकाळ मैदानाबाहेर राहावे लागले. नवा हंगाम सुरू झाल्यावर ६ डिसेंबर २०२० रोजी मदरवेलविरुद्धच्या सामन्यात त्या उत्तरार्धात बदली खेळाडू म्हणून उतरल्या आणि त्यांनी रेंजर्ससाठी पहिला गोल केला. रेंजर्सने तो सामना ९-० असा जिंकला. संघाच्या मोठ्या विजयातील हा एक गोल होता, परंतु भारतीय फुटबॉलच्या इतिहासात त्याची स्वतंत्र नोंद झाली. महासंघाचा २०२०-२१ चा सर्वोत्तम महिला खेळाडूचा पुरस्कारही त्यांनाच मिळाला.

यानंतर गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या गंभीर दुखापतीने त्यांना ग्रासले. शस्त्रक्रिया आणि उपचार यांत बराच काळ गेला. तिशी ओलांडलेल्या आघाडीपटूसाठी अशी दुखापत बहुधा कारकिर्दीचा शेवट ठरते. बाला देवी मात्र मायदेशी परतून पुन्हा खेळू लागल्या आणि भारतीय संघातही परतल्या. काठमांडू येथे ऑक्टोबर २०२४ मध्ये झालेल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या पन्नासाव्या आंतरराष्ट्रीय गोलाची नोंद झाली. हा टप्पा गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. याच स्पर्धेत त्यांच्या सहकारी आशालता देवी यांनी आपला शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. हाही भारतीय महिलांमध्ये पहिलाच विक्रम होता.

पन्नास की बावन्न?

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. जानेवारी २०२० मध्ये रेंजर्सचा करार जाहीर झाला, तेव्हा बाला देवी यांनी २०१० पासून ५८ सामन्यांत ५२ गोल केल्याचे सांगण्यात आले होते. त्यानंतर सुमारे पावणेपाच वर्षांनी त्यांच्या पन्नासाव्या गोलाचा गौरव झाला. गोल कमी होणे तर शक्य नाही. म्हणजे बदल झाला तो मोजणीत.

आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये प्रत्येक सामना अधिकृत मानला जात नाही. सरावाचे सामने, क्लब संघांविरुद्धच्या लढती आणि कनिष्ठ वयोगटातील सामने राष्ट्रीय संघाच्या नोंदीत धरले जात नाहीत. कोणता सामना धरायचा आणि कोणता वगळायचा, यानुसार खेळाडूची आकडेवारी बदलते. पुरुषांच्या संघाबाबत ही नोंद अधिक काटेकोरपणे ठेवली गेली. महिलांच्या बाबतीत तसे घडले नाही.

त्याचे मूळ इतिहासात आहे. भारतात महिला फुटबॉलची स्वतंत्र संघटना १९७५ मध्ये स्थापन झाली. तिच्या कारकिर्दीत भारतीय महिलांनी आशियाई पातळीवर उत्तम यश मिळवले. कोझिकोड येथे जानेवारी १९८० मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताने दोन संघ उतरवले आणि उपविजेतेपद पटकावले. १९८३ मध्ये बँकॉक येथे भारत पुन्हा उपविजेता ठरला. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी महिला फुटबॉलचा कारभार अखिल भारतीय महासंघाकडे आला. परंतु आधीच्या पिढीच्या सामन्यांचे तपशील विखुरलेलेच राहिले. त्यामुळे आज आपण ज्याला भारतीय महिलांचा विक्रम म्हणतो, तो प्रामुख्याने नोंद उपलब्ध असलेल्या काळातील विक्रम आहे. बाला देवी यांच्या कामगिरीचे मोल त्यामुळे उणावत नाही. मात्र शांती मल्लिक यांच्या पिढीशी त्यांची आकड्यांच्या आधारे न्याय्य तुलना करणे कठीण होऊन बसते.

जागतिक विक्रमाशी तुलना

बाला देवी यांचा करार जाहीर झाला त्याच तारखेला, म्हणजे २९ जानेवारी २०२० रोजी, अमेरिकेतील टेक्सास राज्यात कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअर यांनी आपला १८४ वा आणि १८५ वा आंतरराष्ट्रीय गोल केला आणि अमेरिकेच्या अ‍ॅबी वॉमबॅक यांचा १८४ गोलांचा विक्रम मागे टाकला. सिंक्लेअर यांनी २००० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी कॅनडातर्फे पदार्पण केले होते. डिसेंबर २०२३ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या नावावर ३३१ सामने आणि १९० गोल होते. महिला आणि पुरुष मिळून हा जागतिक विक्रम ठरला.

या आकड्यांची भागणी केली, तर चित्र स्पष्ट होते. सिंक्लेअर यांना वर्षाकाठी सरासरी चौदा आंतरराष्ट्रीय सामने मिळाले. भारताचे सुनील छेत्री जून २०२४ मध्ये पहिल्यांदा निवृत्त झाले, तेव्हा एकोणीस वर्षांत त्यांचे १५१ सामने आणि ९४ गोल झाले होते. म्हणजे वर्षाला सरासरी आठ सामने. बाला देवी यांच्या २०२० मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांनुसार दहा वर्षांत ५८ सामने, म्हणजे वर्षाला सहाही नव्हेत. गोलांची सरासरी मात्र प्रत्येक सामन्याला ०.९० च्या आसपास भरते. सिंक्लेअर यांची सरासरी ०.५७ आहे.

ही तुलना सरळ नाही, हेही नमूद केले पाहिजे. बाला देवी यांचे पुष्कळ गोल दक्षिण आशियातील दुबळ्या संघांविरुद्ध आहेत. सिंक्लेअर यांनी विश्वचषक आणि ऑलिंपिकसारख्या स्पर्धांत बलाढ्य संघांविरुद्ध गोल केले. परंतु बलाढ्य संघांविरुद्ध खेळण्याची संधीच भारतीय महिलांना क्वचित मिळाली. २००९ मध्ये तर परिस्थिती इतकी खालावली की, अठरा महिन्यांहून अधिक काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे भारताचे नाव जागतिक क्रमवारीतून वगळण्यात आले. बाला देवी त्या वेळी एकोणीस वर्षांच्या होत्या. ज्या वयात आघाडीपटूचा खेळ बहरतो, त्या वयात देशासाठी खेळायला सामनाच नव्हता.

महाराष्ट्रातील स्पर्धा आणि हुकलेली संधी

आशियाई चषकाची स्पर्धा २०२२ मध्ये मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाली. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता. बाला देवी दुखापतीमुळे या स्पर्धेत खेळू शकल्या नाहीत. २० जानेवारी रोजी नवी मुंबईतील डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत आणि इराण यांच्यातील सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. तीन दिवसांनी संघातील अनेक खेळाडूंना कोरोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. चिनी तैपेईविरुद्ध संघ उतरवता आला नाही आणि भारताला स्पर्धेबाहेर व्हावे लागले. नियमानुसार भारताच्या सामन्याचा निकालही स्पर्धेच्या गणनेतून रद्द झाला.

महाराष्ट्राशी महिला फुटबॉलचे आणखी एक नाते जुळले आहे. वरिष्ठ महिलांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतील चषकाला २०२३-२४ च्या हंगामापासून राजमाता जिजाबाई यांचे नाव देण्यात आले. या स्पर्धेत मणिपूरने वीसहून अधिक वेळा विजेतेपद मिळवले आहे. २०२५ मध्ये स्पर्धेची अंतिम फेरी छत्तीसगडमधील नारायणपूर येथे झाली. बस्तरसारख्या दुर्गम भागात राष्ट्रीय स्पर्धा पोहोचणे ही लक्षणीय घटना होती. छत्तीसगडच्याच बालोद जिल्ह्यातील किरण पिस्दा भारतीय संघातून आणि क्रोएशियातील क्लबकडून खेळल्या आहेत.

पुढील पिढी

बाला देवी यांच्यानंतर परदेशी क्लबांचे दार अधिक उघडले. पंजाबच्या मनीषा कल्याण यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलविरुद्ध गोल केला. पुढे २०२२ मध्ये सायप्रसमधील अपोलॉन क्लबतर्फे त्या युरोपीय महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळलेल्या पहिल्या भारतीय ठरल्या. महासंघाने २०२३ मध्ये लीगमधील व्यावसायिक करारांसाठी वार्षिक किमान ३ लाख २० हजार रुपयांचे मानधन निश्चित केले. ५ जुलै २०२५ रोजी भारताने थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवून २०२६ च्या आशियाई चषकात स्थान मिळवले. पात्रता फेरी जिंकून भारतीय महिलांनी या स्पर्धेत प्रवेश मिळवण्याची ही पहिलीच वेळ होती.

बाला देवी यांचा विक्रम कधीतरी मोडला जाईल. नव्या खेळाडूंना वर्षाकाठी अधिक सामने मिळाले, तर तो लवकरही मोडला जाईल आणि ते भारतीय फुटबॉलच्या प्रगतीचेच लक्षण ठरेल. मात्र तो मोडला गेला हे निर्विवादपणे सांगता यावे, यासाठी प्रत्येक सामन्याची आणि प्रत्येक गोलाची पक्की नोंद असणे आवश्यक आहे.