मानधनाचा हिशेब

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात वहिनीनं अंगणवाडी सुरू केली तेव्हा ना खोली होती, ना चटई. मारुतीच्या ओट्यावर पोत्यावर बसून लेकरं गाणी म्हणत.

अंगणवाडीचं अन् वऱ्हाडाचं नातं तसं जुनं आहे. ताराबाई मोडक काही वर्षं अमरावतीत राहिल्या. पुढे १९४५ साली त्यांनी अनुताई वाघांना घेऊन बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं. लेकरं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची रीत. सरकारनं २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, त्यात आपल्या मेळघाटातलं धारणी होतं. मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिन्याचे दीडशे रुपये ठरले. त्याला पगार नाही म्हटलं, मानधन म्हटलं. काटकसर तिथूनच सुरू झाली. पगार म्हटला की पेन्शन आली. सेवा म्हटली की ते सारं वाचते.

२०१५ साली केंद्रानं करातला राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के केला, अन् त्याच अर्थसंकल्पात या योजनेची रक्कम निम्म्याहून खाली आणली. ओरड झाली तेव्हा वर्षाच्या मधात वाढवली. पण पोषण आहार सोडून बाकी खर्चात केंद्राचा वाटा ९० टक्क्यांवरून ६० वर आला. मग केंद्र राज्याकडे बोट दाखवे, राज्य केंद्राकडे. सेविकेचं केंद्राकडून ठरलेलं मानधन २०१८ साली तीन हजारांचं साडेचार हजार झालं. डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविका-मदतनीस पन्नासाहून जास्त दिवस संपावर बसल्या, त्या काही हौसेनं नाही.

एका साली गरम आहाराचं बिल तीन महिने निघालं नाही. दुकानदारानं उधारी बंद केली. सांजच्याला वहिनी दारात आली.

"भाऊजी, पायलीभर दाळ द्या."

"वहिनी, सरकारचं काम तुमी घरून काहून करता?"

"सरकारले तीन मयने दम हाय. लेकराइले दुपारपर्यंतच."

मी पोतं सोडलं. सरकारनं कोणत्या साली किती वाचवले, ते अर्थसंकल्पात सापडते. आमची ती दाळ कोणत्याच रजिस्टरात नाही.