सर्क्लिप आणि तिची पक्कड

फिरत्या दांड्यावर एखादे चाक किंवा बेअरिंग बसवले, की ते दांड्याच्या लांबीच्या दिशेने सरकू नये याची काहीतरी सोय करावी लागते. पूर्वी ही सोय तीन-चार प्रकारे करीत. दांडा मुळातच जाड घेऊन लेथवर पायरी कापायची. किंवा टोकाला आटे पाडून नट बसवायचा. किंवा आरपार भोक पाडून त्यात स्प्लिट पिन घालायची. नाहीतर कॉलर चढवून स्क्रूने आवळायची. सर्व उपाय चांगलेच होते, पण प्रत्येकात धातू वाया जाई, वेळ जाई आणि दांडा लांबवावा लागे. आज स्कूटरचा किंवा मोटरसायकलचा गिअरबॉक्स उघडला तर यांऐवजी बहुतेक ठिकाणी एक उथळ खाच आणि त्या खाचेत बसलेले, एका बाजूला फट असलेले पोलादी कडे दिसते. हीच सर्क्लिप. काही कारागीर तिला लॉक म्हणतात, काही स्नॅप रिंग म्हणतात. २० मिलिमीटरच्या दांड्यासाठी खाच किती खोल लागते? केवळ अर्धा मिलिमीटर. एवढ्याशा पायरीवर टेकून १.२ मिलिमीटर जाडीची कडी चाकाला जागेवर धरून ठेवते.

कडीचे काम जितके सोपे दिसते तितकी तिची रचना सोपी नाही. वरच्याच उदाहरणात मोकळ्या कडीचा आतला व्यास १८.५ मिलिमीटर असतो. ती २० मिलिमीटरच्या दांड्यावरून सरकवायची, तर तिला किमान दीड मिलिमीटर उघडावे लागते, आणि खाचेत पडल्यावर तिने पुन्हा मिटून घट्ट बसावे लागते. आता सर्वत्र सारख्या रुंदीच्या कडीची दोन टोके धरून ताणली तर काय होते? कडी फटीच्या बरोबर समोर सर्वांत जास्त वाकते, टोकांकडे जवळपास वाकतच नाही, आणि वर्तुळाचा आकार बिघडून ती लंबगोल होते. अशी कडी खाचेत गेली तरी तळाला दोन-तीन ठिकाणीच टेकते.

या अडचणीवरचा उपाय १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात हुगो हायरमान या जर्मन संशोधकाने काढला आणि झेगर कंपनीने तो बाजारात आणला. कडीची रुंदी सर्वत्र सारखी न ठेवता ती फटीसमोर सर्वाधिक ठेवायची आणि टोकांकडे कमी करीत न्यायची, एवढाच तो उपाय. जर्मनीत आणि इटलीतही कारागीर या कडीला अजून झेगर रिंग म्हणतात.

यामागचे गणित अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना जमण्यासारखे आहे. टोकांना लावलेल्या बलाच्या रेषेपासून फटीसमोरच्या बिंदूचे अंतर व्यासाइतके असते. पाव वर्तुळ अलीकडच्या बिंदूचे अंतर त्रिज्येइतके, म्हणजे निम्मे. म्हणून तेथे बलाचे आघूर्णही निम्मे असते. वाकण्याला होणारा विरोध रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तेव्हा सर्वत्र सारखेच वाकायला हवे असेल तर पाव वर्तुळाच्या ठिकाणची रुंदी कमाल रुंदीच्या 'अर्ध्याच्या घनमुळाइतकी', म्हणजे सुमारे ०.७९ पट हवी. फटीसमोर २.६ मिलिमीटर रुंदी असेल तर बाजूला सुमारे २.०५ मिलिमीटर. अशी कडी उघडताना लहान वर्तुळाचे मोठे वर्तुळ होते, लंबगोल होत नाही.

वर्गात हे दाखवण्यासाठी पोलादी कडी ताणत बसू नये. जाड पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पत्र्याच्या, हाताच्या पंजाएवढ्या दोन फटीच्या कड्या कापाव्यात. एक सारख्या रुंदीची, दुसरी टोकांकडे निमुळती. दोन्हींच्या टोकांना दोरा बांधून सारखेच उघडावे आणि खाली कागद ठेवून पेन्सिलीने आतली कड गिरवावी. फरक डोळ्यांनी दिसतो.

आता या गणिताचा शेवट पाहू. टोकापाशी आघूर्ण शून्याजवळ येते, म्हणजे सिद्धान्ताप्रमाणे तेथे रुंदीही शून्याजवळ यायला हवी. पण प्रत्यक्षातील सर्क्लिपच्या टोकांना उलट मोठे कान असतात आणि प्रत्येक कानात एक गोल भोक असते. हे कान कडीसाठी नाहीत, पकडीसाठी आहेत. दोन टोकदार पिना असलेली पक्कड नसेल तर ही कडी दांड्यावर चढणारही नाही आणि उतरणारही नाही. पक्कड हा या शोधाचाच अर्धा भाग आहे, आणि नेमका हाच भाग घेताना आपण सर्वांत जास्त काटकसर करतो.

कडी लोकप्रिय कशी झाली, यात एक वेगळीच कथा आहे. प्राग शहरात १९०२ साली यिंद्रझिख वाल्डेस याने भागीदारीत टिचबटणांचा कारखाना काढला. टिचबटण म्हणजे कपड्यांचे दाबून लावायचे बटण; त्याच्या पोटातही एक छोटी तारेची स्प्रिंगच असते. वाल्डेसने मालाला नाव दिले कोहिनूर, आपल्या गोवळकोंड्याच्या हिऱ्यावरून. (त्याच भागातल्या कोहिनूर पेन्सिलींची कंपनी वेगळी.) धंदा युरोपभर पसरला, न्यूयॉर्कमध्येही शाखा निघाली, आणि या गृहस्थाने बटणे व बंध यांचे एक संग्रहालयसुद्धा उभारले. १९३९ साली नाझींनी प्राग घेतले. वाल्डेस ज्यू होता. त्याला अटक होऊन छळछावणीत ठेवण्यात आले. कुटुंबाने मोठी खंडणी भरून त्याला सोडवले, पण अमेरिकेला जाण्याच्या वाटेवर १९४१ मध्ये तो मरण पावला. प्रागचा कारखाना युद्धानंतर सरकारजमा झाला. अमेरिकेतील शाखा मात्र कुटुंबाने चालवली, आणि लाँग आयलंड सिटीतील त्या कारखान्यातून 'ट्रूआर्क' नावाच्या सर्क्लिपा आणि त्यांच्या पकडी बाहेर पडू लागल्या. ट्रूआर्क म्हणजे खरा वर्तुळखंड. वरचे सगळे गणित त्या एका नावात आले.

या कंपनीच्या जाहिराती अभियंत्यांसाठीच्या नियतकालिकांत वर्षानुवर्षे येत. त्यांचा मुद्दा एकच असे: नट, कॉलर, पायऱ्या, स्प्लिट पिना काढून टाका, एक कडी वापरा आणि इतका खर्च वाचवा. हिशेब खरा होता. पण वाचला तो यंत्र बनवणाऱ्याचा खर्च. नट काढायला गावातल्या कुठल्याही दुकानातला पाना चालत असे. कडी काढायला वेगळी पक्कड हवी, तीही मापाप्रमाणे. कारखान्यात वाचलेल्या पैशांतला काही भाग अशा रीतीने दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशातून जाऊ लागला. त्याने मग स्क्रू-ड्रायव्हरची टोके किंवा घासून केलेल्या खिळ्यांच्या जोड्या वापरल्या, यात नवल नाही.

मापांचा गोंधळ जर्मन मानकांनी मिटवला. दांड्यावरच्या कडीसाठी डिन ४७१, भोकातल्या कडीसाठी डिन ४७२, आणि त्यांच्या पकडींसाठी अनुक्रमे डिन ५२५४ व डिन ५२५६. भारतीय मानक आयएस ३०७५ याच कड्यांसाठी आहे. दोन प्रकारच्या पकडी लागतात त्याचे कारण तरफेत आहे. दांड्यावरची कडी उघडायची असते, म्हणून मुठी दाबल्यावर टोके दूर गेली पाहिजेत. या पकडीचे दोन हात खिळीपाशी एकमेकांना ओलांडत नाहीत. भोकातली कडी मिटायची असते. ती पक्कड नेहमीच्या पकडीसारखी, ओलांडणाऱ्या हातांची. दांड्याच्या पकडीची मापे अशी ठरली आहेत: १० ते २५ मिलिमीटर दांड्यासाठी १.३ मिलिमीटरच्या पिना, १९ ते ६० साठी १.८ च्या, ४० ते १०० साठी २.३ च्या. या मापांच्या सीमा एकमेकींवर चढलेल्या आहेत हे ध्यानात ठेवावे, ते पुढे उपयोगी पडेल.

कडी पकडीतून निसटते कशी? उघडताना कडी दोन्ही पिनांना एकमेकींकडे ढकलते. पिना आत झुकतात. सरळ पिनेवरून कडी घसरायला कारण नसते. झुकलेल्या पिनेवर मात्र बलाचा एक छोटा घटक कडीला टोकाकडे लोटतो. झुकण्याच्या कोनाचा टॅन्जंट घर्षणांकापेक्षा मोठा झाला, की कडी सुटलीच. तेलकट पोलादावर घर्षणांक साधारण ०.१ ते ०.१५ असतो, आणि ६ अंशांचा टॅन्जंट ०.१०५ आहे. म्हणजे सहा ते आठ अंश एवढाच काय तो फरक. त्या क्षणी कडी पूर्ण ताणलेली असते आणि काम करणाऱ्याचा चेहरा बहुधा तिच्यावरच वाकलेला असतो. हे काम चष्म्याशिवाय करू देऊ नये, पक्कड कितीही भारी असली तरी.

हे सहा अंश कोठून येतात ते पाहिले की स्वस्त आणि चांगल्या पकडीतला फरक कळतो. पहिले कारण पिनेचे वाकणे. येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: सारख्याच बलाखाली स्वस्त पोलादाची पिन जास्त वाकते की महाग पोलादाची? बहुतेक जण स्वस्त म्हणतील. पण स्थितिस्थापकतेचा यंग गुणांक सर्व पोलादांचा जवळपास सारखाच असतो. मर्यादेच्या आत दोन्ही पिना सारख्याच वाकतात. फरक मर्यादेत आहे. साधे मऊ पोलाद सुमारे २५० मेगापास्कल ताणाला कायमचे वाकते. पाणी देऊन कठीण केलेले मिश्र पोलाद त्याच्या चौपट किंवा अधिक ताणानंतरही परत सरळ होते. म्हणून स्वस्त पक्कड पहिल्या दिवशी ठीक चालते आणि दहाव्या दिवशी दगा देते: तिच्या पिना काम सुरू होण्यापूर्वीच झुकलेल्या असतात. उलट चूकही होते. पाणी जास्त दिले आणि नंतर उतरवले नाही, तर पिन वाकत नाही, काचेसारखी तुटते.

दुसरे कारण सांध्यातली ढिलाई. पत्र्यातून ठोकून काढलेले दोन हात आणि मध्ये एक रिव्हेट, अशा पकडीत हात आडवे पिळले जातात आणि दोन पिना एका पातळीत राहत नाहीत. घडीव हात आणि बोल्टचा नीट बसलेला सांधा यासाठीच हवा. तिसरा प्रकार बदलत्या टोकांचा: एका पकडीत चार जोड्या टोके, सरळ आणि वाकडी, आत-बाहेर दोन्ही कामे. दुकानात ही पेटी फार आकर्षक दिसते. पण प्रत्येक टोक एका बारीक स्क्रूवर धरलेले असते, आणि तेथे एक नवा सैल सांधा तयार होतो. आमच्या मते वर्षातून दोनदा लहान कडी काढणाऱ्यासाठी ती ठीक आहे. रोजच्या बाकावर नको. चांगल्या पकडींत काही उत्पादक स्प्रिंगच्या तारेच्या वेगळ्या पिना घडीव हातात दाबून कायमच्या बसवतात. काहींना कडी प्रमाणाबाहेर उघडू नये म्हणून मर्यादा ठरवणारा स्क्रूही असतो; जास्त ताणलेली कडी पुन्हा पूर्ण मिटत नाही आणि खाचेत सैल बसते.

पैसे नसतील तर काय, याचे थोडे उत्तर मापांत आहे. पिनेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरच्या दांड्याला १.३ आणि १.८ या दोन्ही पिनांच्या पकडी चालतात, कारण कानातले भोक २ मिलिमीटरचे असते. पण १.८ ची पिन १.३ च्या पिनेपेक्षा सुमारे पावणेचारपट ताठ आहे. तसेच ६० मिलिमीटरच्या कडीला, ढोबळ हिशेबाने, २० च्या कडीच्या दुप्पट बल लागते. ती १.८ च्या पकडीने उघडता येते, परंतु तेथे ती पक्कड आपल्या मापाच्या टोकाला आलेली असते. २.३ ची पिन भोकात जात असेल तर तीच घ्यावी. दोन मापांत बसणाऱ्या कडीला नेहमी मोठी पिन, एवढे पाळले तर मध्यम प्रतीची पक्कडही बराच काळ टिकते.

शाळेच्या किंवा आयटीआयच्या कार्यशाळेसाठी खरेदी करताना पूर्ण संचाचा हट्ट धरू नये. ज्या यंत्रांवर मुले काम करतात त्यांतल्या कड्या आधी मोजाव्यात. बहुधा १९ ते ६० ची दांड्याची एक आणि भोकाची एक, एवढ्यावर पुष्कळ काम भागते. या दोन चांगल्या घ्याव्यात. आपल्याकडे नाशिकचा टपारिया कारखानाही अशा पकडी बनवतो, तेव्हा परदेशी मालच हवा असे नाही. दुकानात पक्कड हातात घेऊन मुठी दाबाव्यात आणि टोके उजेडासमोर धरून बाजूने पाहावीत: दोन्ही पिना एका पातळीत व समांतर दिसल्या पाहिजेत. मग दोन्ही हात आडवे हलवून सांधा वाजतो का पाहावे. पिनेची कड गोलावलेली नको, चौकोनी हवी. वापरात असलेल्या पकडीचीही हीच तपासणी दर सत्राच्या आरंभी करावी, आणि पिना झुकलेली पक्कड ठोकून सरळ करण्याऐवजी सरळ भंगारात टाकावी. एकदा वाकून परत सरळ केलेली पिन पुढच्या वेळी कुठे तुटेल ते सांगता येत नाही.