दुहेरी पदर

आजीच्या उजव्या घोट्याजवळ चवलीएवढा पांढुरका डाग होता. लहानपणी मी त्यावर बोट टेकवायचो, तेव्हा ती म्हणायची, "तिथनं नारू निघाला हुता."

मराठवाड्यातल्या आमच्या गावात सगळ्यांचं पिण्याचं पाणी बारवेचं. पाणी कितीही खाली गेलं तरी पायऱ्या उतरून कळशी बुडवता यायची. बांधणाऱ्यांनी दुष्काळाचाच विचार केला होता, म्हणून बारवेला दोष देववत नाही.

१९७२च्या उन्हाळ्यात आजीच्या घोट्यावर फोड आला. पाय आगीसारखा भगभगायचा. पाण्याला गेली की शेवटच्या पायरीवर पाय बुडवून ती घटकाभर बसायची. फोड फुटला आणि दोऱ्यासारखा जंत डोकावला. तिचे थोरले दीर, आमचे तात्या, यांनी त्याचं टोक काडीला गुंडाळलं. रोज दोन बोटं ओढायचं, तुटू द्यायचं नाही. तुटला की पाय सुजून पिकायचा. दीड हात लांबीचा तो नारू निघायला तीन आठवडे लागले.

त्या वर्षी पाऊस गेला. पुढच्या उन्हाळ्यात सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं आणि माझे वडील, तेव्हा तेरा वर्षांचे, गुडघ्यातला नारू घेऊन ओसरीवर पडून होते. घरातली एक हजेरी बुडाली.

सरकारचा नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४च्या सुमारास सुरू झाला, त्यानंतर गावात आरोग्यसेवक आले. त्यांनी बारवेचं पाणी काचेच्या बाटलीत भरून उन्हात धरलं. आत टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके उड्या मारत होते. नारूवाला पाय पाण्यात गेला की जंत पिल्लं सोडतो, हे ठिपके ती गिळतात, माणूस ते पाणी पितो आणि वर्षाने त्याच्या अंगातून नारू निघतो. आजीने वर्षाचा हिशोब बोटांवर केला.

"म्हंजी लेकराला म्याच दिला?"

तिला काय ठाऊक होतं? जंताचा डावच तो. पाय भाजायचा, म्हणजे माणूस आपणहून पाण्याकडे धावतो. वडिलांनी तिला हे पुन्हा पुन्हा सांगितलं. ती ऐकून घ्यायची, पण पटलेलं दिसायचं नाही.

नारूवर ना औषध होतं, ना लस. तो हटला तो गाळलेल्या पाण्याने, बारवेत टाकलेल्या औषधाने आणि हापशांनी. देशभर गेलेल्या मजबूत हापशाचं मूळ आपल्या जालना-सोलापूरकडच्या पंपांत आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. आमच्या बारवेच्या पायऱ्या बुजवल्या, कठडा बांधला, वर रहाट आला. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६मध्ये राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात सापडला; २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

आजी मात्र नळाचं पाणीही पदर दुहेरी करूनच गाळायची.

२०१६मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमचे हापसे कोरडे पडले. टँकर विहिरीत रिकामा व्हायचा आणि पोरं दोराने आत उतरायची. आजी काठी टेकत तिथवर गेली. उतरणाऱ्या प्रत्येकाला थांबवून वाकून त्याचे घोटे बघत विचारू लागली, "पायाला फोड न्हाई ना रे बाळा?"