सुगीचें अन्न आणि सणाचें ताट
महाड-पोलादपुराच्या इतिहासांतील एक पान

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत वेदीचा, घंटेचा व पूर्वींच्या धर्मगुरूंचा वृत्तांत यावा, हें योग्यच आहे. तथापि आपल्या माताभगिनींनीं पिढ्यानुपिढ्या चुलीपाशीं बसून जो इतिहास राखिला, त्यालाहि या पानांत थोडी जागा असावी. म्हणून महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील सुगीच्या अन्नाची व सणाच्या ताटाची हकीकत वाचकांस सादर करण्याचें योजिलें आहे.

हा मुलूख सह्याद्रीच्या पायथ्याशीं, सावित्री नदीच्या खोऱ्यांत वसलेला. माथ्यावर महाबळेश्वर, खालीं बाणकोटची खाडी. सखल खाचरांत भात, आणि उतारावरील वरकस जमिनींत नाचणी व वरी, हीं येथील मुख्य पिकें. उन्हाळ्यांत राब भाजावा, मृगाच्या पावसांत पेरावें, आषाढांत लावणी उरकावी आणि मग वाट पाहावी, असा शेतकऱ्याचा क्रम. श्रावण-भाद्रपदांत कणगीचा तळ दिसूं लागे. त्या दिवसांत नाचणीची भाकरी, आंबील, सुकट आणि टाकळा, कुर्डू, भारंगी असल्या रानभाज्या यांवर गरिबाचें घर चाले. ही टंचाई ज्यानें सोसली, त्यालाच नव्या भाताच्या वासाचें मोल कळतें.

हळवें भात आधीं पिकतें, गरवें मागाहून. आश्विनांत हळव्याच्या लोंब्या घरीं आल्या म्हणजे आंब्याचीं पानें, नाचणीचीं कणसें व कुर्डूचीं फुलें यांसह त्या दारावर बांधावयाच्या. यासच कोंकणांत 'नवें' म्हणतात. मागून दिवाळी येते. तेंच नवें भात भिजवून, भाजून, उखळांत मुसळानें कांडून त्याचे पोहे करावयाचे. नरकचतुर्दशीस अंगणांत कारीट फोडल्यावर दुधाचे, दह्याचे, गुळाचे व तिखट अशा अनेक परींचे पोहे पानांत पडतात. कोंकणांतील दिवाळीच्या फराळाचा खरा मान या पोह्यांचा आहे.

आपल्या ख्रिस्ती समाजांतहि हाच आनंद निराळ्या नांवांनीं वावरतो. वसई-मुंबईकडील ईस्ट इंडियन लोक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं आगेरा पाळतात. नव्या लोंब्या वाजतगाजत देवळांत आणून त्यांस आशीर्वाद देण्यांत येतो. गोव्यांत रायें गांवीं कणसांचें फेस्त ५ ऑगस्ट रोजीं होतें, तर मंगळुराकडे मरियामातेच्या जन्मदिनीं, ८ सप्टेंबरला, नवें जेवण असतें. प्रार्थना वेगळी असली तरी खाचराचा चिखल एकच. पहिला घास देणाऱ्याचें स्मरण केल्यावांचून नवें अन्न तोंडीं घालूं नये, ही शिकवण दोहींकडे सारखीच आहे.

परंतु एकट्या भातानें ताट भरत नाहीं. सावित्रीच्या पाण्यानें गलबतें महाडापर्यंत येत, आणि वरंध्यासारख्या घाटांनीं बैलांचे तांडे देशावर जात. खालून मीठ व सुकी मासळी वर जाई, वरून धान्य व गूळ खालीं येई. महाडाजवळचीं गांधारपाल्याचीं बौद्ध लेणीं या वाटांच्या प्राचीनतेची साक्ष देतात.

येथील जेवणाची एक मौजेची नोंद इंग्रजांच्या दप्तरांतून आली आहे. १६७४ सालीं शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासमयीं हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील रायगडावर होता. हा गड महाड तालुक्यांतच येतो. डॉ. जॉन फ्रायर यानें १६९८ सालीं छापिलेल्या ग्रंथांत त्या वकिलातीची हकीकत आहे. गडावरील लोकांचा आहार म्हणजे डाळ-तांदुळाची, लोणी घालून शिजविलेली खिचडी. या मंडळींस मात्र रोज मांस लागे. तें पुरविणारा म्हातारा खाटीक एके दिवशीं आपलीं गिऱ्हाइकें डोळ्यांनीं पाहावीं म्हणून मुद्दाम गड चढून आला. कारण त्यांनीं थोड्या दिवसांत जेवढें मांस घेतलें, तेवढें त्यानें पूर्वीं कित्येक वर्षांत विकलें नव्हतें!

पोर्तुगीजांच्या गलबतांतून अमेरिकेची मिरची, बटाटा व काजू या किनाऱ्यास आले. 'पाव' व 'बटाटा' हे शब्दहि त्यांचेच. वसई त्यांच्याकडे १५३४ पासून १७३९ पर्यंत होती. त्या संसर्गांतून नाताळचें आपलें ताट घडलें: इंद्याल, कुलकुल, दोदोल, न्यूऱ्या. तरी न्यूरी पाहा. आंत नारळ वा रवा, वर मैद्याची पारी, कडेला कातणाची नक्षी. शेजारणीच्या दिवाळीची करंजी ती हीच! या दोन तालुक्यांत ख्रिस्ती घरें थोडीं. तेव्हां कातण इकडून तिकडे जाणें आणि ताटहि जाणें, हें साहजिकच.

ताट मात्र सर्वांपुढें सारखें येत नव्हतें, हें सांगितल्यावांचून महाडाचा इतिहास पुरा होत नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारों अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले व तेथील पाणी प्याले. नगरपालिकेनें तें तळें १९२४ सालींच सर्वांस खुलें केलें होतें. पण तो ठराव कागदावरच राहिला होता. त्या दिवशीं देवळांत शिरण्याचा बेत असल्याची खोटी आवई उठली. जमावानें मंडपावर हल्ला केला, जेवीत असलेल्यांस मारिलें आणि त्यांचें अन्न मातींत कालविलें. पुढें त्याच वर्षीं, २५ डिसेंबरला, महाडांतच मनुस्मृतीचें दहन झालें. त्या परिषदेस जागा मिळेना, तेव्हां एका मुसलमान गृहस्थानें आपली दिली. तळ्याचा खटला १९३७ सालीं मुंबई हायकोर्टांत आंबेडकरांच्या बाजूनें निकालांत निघाला. आपण नाताळच्या जेवणास बसतों तो दिवस आणि हा दिवस एकच आहे. ज्या प्रभूनें जकातदार व पापी यांच्या पंक्तीस बसण्यांत कमीपणा मानिला नाहीं, त्याच्या अनुयायांस ही तारीख विसरतां येणार नाहीं.

अलीकडचें दुःखहि ताजें आहे. २२ जुलै २०२१ रोजीं महाड शहर पुरांत बुडालें आणि तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक जीव गेले. पोलादपूर तालुक्यांतहि दरडींनीं बळी घेतले. घरांत पाणी शिरलें तेथें सांठविलेलें धान्य चिखलांत गेलें. भरल्या डब्यावर आपली सत्ता नाहीं, हें त्या एका रात्रीनें शिकविलें.

आज तरुण मंडळी मुंबई-पुण्यास असते. उतारावरच्या कित्येक वरकस जमिनी ओस पडल्या आहेत. उखळ अंगणांत पालथें पडलें आहे आणि फराळ दुकानांतून येतो. सोयीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. गिरणीनें स्त्रियांच्या खांद्यांवरील केवढें ओझें उतरविलें, हें मुसळ ज्यांनीं उचललें त्यांस विचारावें. परंतु विकतच्या पुड्याबरोबर आजीचें प्रमाण, आईचा हात आणि शेजारघरीं झांकून पाठविलेलें ताट हीं तीनहि नाहींशीं होतात, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

यास्तव वाचकांस दोन विनंत्या आहेत. घरांतील वडील स्त्रीकडून सणाच्या एका तरी पदार्थाची कृति या वर्षीं लिहून घ्यावी व मुलांनीं, मुलग्यांनींसुद्धां, ती तिच्या हाताखालीं शिकावी. दुसरी अशी कीं, पहिलें ताट घराबाहेर जावें. आणि तें ज्याच्याकडून परत ताट येण्याची आशा नाहीं, अशाच्या दारीं जावें. नव्या भाताचा दाता आपणां सर्वांस एका पंक्तीस बसण्याची सुबुद्धि देवो.